लेखनसीमा : संगणकाच्या पोटातल्या नकलेचा इतिहास

शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्यावरची अष्टकोनी मुद्रा शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्याच पत्राच्या तळाशी असलेल्या छोट्या शिक्क्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्यावर ‘मर्यादेयं विराजते’ एवढीच अक्षरे असतात. पुढे पेशवाईच्या काळात त्याच जागी ‘लेखनसीमा’ असा शिक्का दिसतो. दोन्हींचे काम एकच. मजकूर इथे संपला, यापुढे जे काही दिसेल ते आमचे नव्हे. मोडी वाचणाऱ्याला या शिक्क्याची किंमत अधिक कळते, कारण मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि विरामचिन्हेही नसतात. शेवटच्या अक्षरापुढे कोरा कागद उरला असेल तर तिथे एखादी ओळ घुसडणे हुशार कारकुनाला अवघड नव्हते. ती वाट त्या शिक्क्याने बंद केली.

हाच प्रश्न तीनशे वर्षांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत नव्याने उभा राहिला. त्याला दिलेल्या उत्तराचे व्याज जग अजून फेडते आहे. व्याज हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. मूळ मुद्दल अक्षरशः एका बाइटचे होते.

संगणकाच्या मेमरीत अक्षरे एकापुढे एक ठेवलेली असतात. नाव कुठे सुरू झाले हे यंत्राला सांगता येते, पण ते कुठे संपले हे कसे कळावे? याची दोन उत्तरे होती. खामगावच्या कापूस बाजारातला माणूस ती चटकन समजेल. एक म्हणजे गठाणीवर वजन लिहून ठेवायचे. दुसरे म्हणजे वजन न लिहिता तोंड शिवायचे आणि शिवण दिसली की गठाण संपली असे समजायचे. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ मध्ये रचलेल्या बीसीपीएल या भाषेत पहिली पद्धत होती. मजकुराच्या पहिल्या बाइटमध्ये लांबी लिहिलेली असे. एका बाइटमध्ये २५५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही, म्हणून मजकूरही त्याहून लांब चालत नसे. केन थॉम्प्सन यांनी बीसीपीएलवरून ‘बी’ ही भाषा केली, तेव्हा त्यांनी लांबी लिहिणे सोडले आणि शेवटी एक खूण ठेवली. डेनिस रिची यांच्या ‘सी’ भाषेत ती खूण म्हणजे शून्य किमतीचा एक बाइट झाली. रिचींनी १९९३ मध्ये सी भाषेचा इतिहास लिहिला, त्यात या निवडीची कारणे सांगितली आहेत. लांबीवरची मर्यादा टळत होती आणि आकडा सांभाळण्यापेक्षा खूण सांभाळणे त्यांना अनुभवाने सोपे वाटले होते.

आज त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण त्या काळच्या पीडीपी-११ यंत्राकडे पाहा. त्याची सगळी मेमरी २४ किलोबाइट होती आणि त्यातली १६ किलोबाइट युनिक्स प्रणालीच खात असे. उरलेल्या आठात माणसांची कामे चालत. तिथे प्रत्येक नावामागे दुसरा बाइट खर्च करणे म्हणजे दुष्काळात अंगणात सडा घालणे होते.

मजकुराची नक्कल करणारे फंक्शन म्हणजे ‘स्ट्रकॉपी’. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात ते अखेरीस एका ओळीत बसवून दाखवले आहे. एक अक्षर उचला, तिकडे ठेवा, दोन्ही बोटे एक घर पुढे सरकवा आणि शून्य उतरवले की थांबा. मी ती ओळ पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत बसलो होतो. इतकी सुंदर ओळ मी तोवर पाहिली नव्हती आणि तिच्याइतकी महाग पडलेली ओळही विरळाच. स्ट्रकॉपी दोनच गोष्टी विचारते, कुठून घ्यायचे आणि कुठे ठेवायचे. ठेवायच्या जागेत किती मावेल हे ती विचारत नाही. लेखनसीमा मूळ पत्रावर आहे. नकलेचा कागद केवढा आहे याची तिला खबरच नसते.

कागद संपला तर काय होते? कारकुनाचा बोरू कागदावरून घसरतो तेव्हा त्याला ते दिसते. यंत्राला दिसत नाही, ते शेजारच्या जागेत लिहीत जाते. आणि सी भाषेत शेजारी बरेचदा काय असते, तर चालू काम संपल्यावर परत कुठे जायचे त्याचा पत्ता. परतीच्या पत्त्यावर दुसरीच अक्षरे पडली की यंत्र त्या नव्या पत्त्यावर जाते. सहसा तिथे काहीच नसते आणि काम कोसळते. पण अक्षरे पाठवणाऱ्याने तो पत्ता हिशेबाने लिहिला असेल, तर यंत्र त्याच्या घरी जाऊन त्याचे हुकूम पाळू लागते.

हे घडू शकते, हे साऱ्या जगाला २ नोव्हेंबर १९८८ रोजी कळले. आपल्याकडे दिवाळी तोंडावर आली होती. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेली आज्ञावली इंटरनेटवरच्या यंत्रांत स्वतःच्या प्रती काढत सुटली. तिच्या अनेक वाटांपैकी एक वाट ‘फिंगर’ या सेवेतून जात होती. कोणत्या यंत्रावर कोण काम करत आहे हे सांगणारी ती निरुपद्रवी सेवा. ती आलेली ओळ ‘गेट्स’ या फंक्शनने वाचून ५१२ बाइटच्या जागेत ठेवत असे. मॉरिसच्या आज्ञावलीने ५३६ बाइट पाठवले. वरच्या चोवीस बाइटांनी परतीचा पत्ता बदलला. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सहा हजारांच्या आसपास यंत्रे अडकली आणि तेव्हा सगळे इंटरनेटच साठ हजार यंत्रांचे होते. मॉरिसला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, चारशे तासांच्या समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा झाली. त्याचे वडील बेल प्रयोगशाळेत युनिक्स घडवणाऱ्यांपैकी होते आणि घटनेच्या वेळी सरकारच्या संगणक सुरक्षेच्या खात्यात शास्त्रज्ञ होते. नाटककाराने असे लिहिले असते तर आपण त्याला ओढूनताणून आणलेले म्हटले असते.

गेट्स हे फंक्शन भाषेतून अधिकृतपणे काढून टाकायला मात्र २०११ चे प्रमाणक यावे लागले. मधल्या तेवीस वर्षांत आपल्याकडे काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे. विदर्भात सी भाषा आली ती मुख्यतः नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाच्या पाठीवर बसून. ज्यांना इंग्रजी धड येत नव्हते त्यांनाही कळेल इतक्या सोप्या बोलीत लिहिलेले ते पुस्तक. शेगावला संत गजानन महाराजांच्या संस्थानाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये निघाले होते, तालुक्यांच्या गावी संगणकाचे खासगी वर्ग नव्वदच्या दशकात निघाले, आणि बोरलँड कंपनीच्या टर्बो सीचा निळा पडदा ही एका पिढीची पाटी झाली. त्या पाटीवर आम्ही सगळे गेट्स आणि स्ट्रकॉपी गिरवत होतो. गेट्स शिकवायला कारणही होते. ‘स्कॅनएफ’ने मजकूर वाचला तर पहिल्या मोकळ्या जागेपाशी वाचन थांबते. आपले नाव तर तीन शब्दांचे, स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. म्हणजे नाव-गाव विचारणारी साधी आज्ञावली लिहायची तर गेट्स हवेच. चूक केली तरी डॉसच्या यंत्रात शिक्षा होत नसे. चुकीच्या जागी लिहिले की काम संपल्यावर कधीकधी ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ अशी एक ओळ उमटायची. तिचा अर्थ कोणी विचारत नसे. उत्तर बरोबर आले ना, मग झाले.

यात पुस्तकांचा किंवा शिक्षकांचा दोष काढणे मला पटत नाही. हीच फंक्शने कर्निगन-रिचींच्या पुस्तकात होती आणि तीच अमेरिकेतही शिकवली जात होती. फरक एवढाच की १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये ‘फ्रॅक’ नावाच्या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाच्या ४९ व्या अंकात, ‘आलेफ वन’ या टोपणनावाने, परतीचा पत्ता कसा बदलायचा याचा पायरीपायरीने धडा छापून आला. तोवर ही विद्या मोजक्यांकडे होती. त्यानंतर ती कोणालाही घेता आली. पुढच्या काही वर्षांत कोड रेड, स्लॅमर, ब्लास्टर अशी कीडच लागली. २५ जानेवारी २००३ चा स्लॅमर अवघा ३७६ बाइटचा होता. लागण होऊ शकणाऱ्या यंत्रांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक यंत्रे त्याने दहा मिनिटांत गाठली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवण्याचा उपाय सहा महिने आधीच जाहीर झाला होता.

आता खरा विषय. स्ट्रकॉपी धोक्याची आहे हे कळल्यावर लोकांनी तिच्या जागी काय आणले? इथे इतिहास गमतीचा होतो, कारण पहिली बदली आणलेली बाई त्या कामासाठी जन्मलेलीच नव्हती.

ती म्हणजे ‘स्ट्रएनकॉपी’. हिला तिसरा आकडा द्यावा लागतो, जास्तीत जास्त किती बाइट लिहायचे तो. वरवर पाहता हेच हवे होते. पण तिचे मूळ जुन्या युनिक्समधल्या फाइलींच्या यादीत आहे. त्या यादीतली प्रत्येक नोंद सोळा बाइटची असे, दोन बाइट क्रमांकाला आणि चौदा नावाला. नाव लहान असेल तर उरलेली घरे शून्याने भरायची आणि नेमके चौदाचे असेल तर शेवटचे शून्य ठेवायचेच नाही, कारण घर चौदाचे आहे हे सगळ्यांना माहीत आहे. सरकारी छापील अर्जातल्या चौकटींसारखी ही पद्धत. स्ट्रएनकॉपी त्या चौकटी भरण्यासाठी केली होती. लोकांनी ती मोकळ्या मजकुराला वापरली. परिणाम असा की मजकूर जागेइतका किंवा जागेपेक्षा मोठा असला की नकलेवर लेखनसीमा पडतच नाही. पुढे ती नक्कल वाचणारा शून्य शोधत शेजारच्या मेमरीत शिरतो आणि तिथले जे असेल ते, कोणाचा पासवर्ड का असेना, वाचत सुटतो. म्हणजे लिहिताना होणारी चोरी थांबली आणि वाचताना होणारी सुरू झाली. शिवाय चार हजार बाइटच्या जागेत पाच अक्षरे ठेवली तरी ही उरलेली सगळी घरे इमानाने शून्याने भरते.

दुसरी बदली कॅनडात कॅलगरीहून चालणाऱ्या ओपनबीएसडी या प्रकल्पातून आली. टॉड मिलर आणि थिओ द राट यांनी ‘स्ट्रएलकॉपी’ केली. १९९८ च्या डिसेंबरात ती ओपनबीएसडीच्या २.४ आवृत्तीत आली आणि पुढच्या वर्षी त्यांनी तिच्यावर निबंध वाचला. जागा केवढी ते सांगा. मावेल तेवढे लिहीन, शेवटी शून्य नक्की ठेवीन आणि मूळ मजकूर किती लांब होता ते परत सांगेन, हा तिचा करार. सोलारिस, फ्रीबीएसडी, ॲपल या सगळ्यांनी ती घेतली. लिनक्सच्या जगात वापरल्या जाणाऱ्या जीलिबसी या ग्रंथालयाने मात्र नाकारली. तेव्हाचे तिचे कर्तेधर्ते उलरिख ड्रेपर यांचे म्हणणे असे की, मजकूर गुपचूप तोडून पुढे जाणे हा चुकीवरचा उपाय नव्हे. ती चूक लपवणे आहे. लांबी किती हे लिहिणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे. ड्रेपर यांची जीभ तिखट होती, त्यामुळे त्यांचा मुद्दा बाजूला पडून भांडणच लोकांच्या लक्षात राहिले. मला त्यांचा मुद्दा निम्मा तरी खरा वाटतो. तो का, ते पुढे येईल.

त्याच ग्रंथालयात त्याच सुमारास एक चूक जन्मली होती. यंत्राच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या फंक्शनात लागणाऱ्या जागेचा हिशेब करताना एका घराची बेरीज राहून गेली आणि खाली स्ट्रकॉपी होती. यंत्राच्या प्रकाराप्रमाणे चार किंवा आठ बाइट बाहेर सांडत. २००० सालच्या नोव्हेंबरातल्या २.२ आवृत्तीपासून ही चूक होती. २०१३ च्या मे महिन्यात ती दुरुस्तही झाली, पण ती सुरक्षेची आहे हे कोणाच्या लक्षात न आल्याने जुन्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या यंत्रांना ती दुरुस्ती पोचलीच नाही. २०१५ च्या जानेवारीत क्वालिस या कंपनीने ती उघड केली आणि ‘घोस्ट’ म्हणजे भूत असे नाव दिले. चूक कोणती हे न समजता केलेली दुरुस्ती किती अपुरी पडते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला सापडलेला नाही.

लिनक्स प्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, स्ट्रएलकॉपी आपल्यापुरती केव्हाच घेतली होती. तिथे वेगळीच अडचण निघाली. मूळ मजकूर किती लांब होता हे सांगायचे म्हणजे तो शेवटपर्यंत वाचायला हवा. जागा सोळा बाइटची आणि मूळ मजकूर दहा हजारांचा असला तरी सगळा वाचायचा. त्या मुळावरच शून्य नसेल तर? मग ही बाईही शेजारच्या घरात शिरणार. आणि लांबी मोजणे व नक्कल करणे यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या कोणी मूळ मजकूर बदलला तर सांगितलेला आकडाही खोटा.

म्हणून तिसरी बदली आली, ‘स्ट्रएसकॉपी’. ख्रिस मेटकाफ यांनी लिहिलेली ही फंक्शन २०१५ च्या ४.३ आवृत्तीत कर्नलमध्ये आली. ती जागेच्या पलीकडे लिहीत नाही, गरजेपेक्षा पुढचे वाचत नाही, शून्य नेहमी ठेवते आणि मजकूर मावला नाही तर आकड्याऐवजी सरळ चूक परत देते. ती स्वीकारताना लिनस टोरवाल्ड्स यांनी बजावले की, जुनी नावे शोधून नवी टाकण्याची सरसकट मोहीम मला नको. अशा मोहिमांतून नव्या चुका येतात, हा त्यांचा अनुभव होता.

वरून हा हेका वाटेल, पण त्यामागे कारण होते. स्ट्रएनकॉपी उरलेली घरे शून्याने भरते, स्ट्रएसकॉपी भरत नाही. एखाद्या ठिकाणी ती भरलेली शून्येच महत्त्वाची असतील, तर नुसते नाव बदलल्याने तिथे मेमरीतला जुना कचरा तसाच राहील आणि ती चौकट बाहेर पाठवली की कचऱ्याबरोबर कोणाचे तरी गुपितही जाईल. म्हणून शून्ये भरणारी तिची वेगळी बहीण २०१९ मध्ये करावी लागली. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचे : इथे मोकळा मजकूर आहे की चौकट? शून्ये हवीत का? परत आलेला आकडा कोणी वापरतो का? तोडलेला मजकूर चालेल का? हे काम केस कुक यांनी २०१५ च्या अखेरीस सुरू केलेल्या स्वसंरक्षण प्रकल्पाखाली, जगभरच्या लोकांनी फाइलीमागून फाइल घेऊन केले. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ६.८ आवृत्तीत स्ट्रएलकॉपी कर्नलमधून कायमची गेली. स्ट्रएनकॉपीची उचलबांगडी त्यानंतरही एकेक जागा तपासत चालू राहिली. आणि गंमत पाहा, ज्या जीलिबसीने वीस-बावीस वर्षे स्ट्रएलकॉपी दाराबाहेर ठेवली, तिनेच २०२३ च्या ऑगस्टमध्ये २.३८ आवृत्तीत तिला घरात घेतले. एका घरातून निघालेली बाई सहा-सात महिन्यांच्या अंतराने शेजारच्या घरात नांदायला आलेली.

इथवरचा इतिहास इंग्रजी अक्षरांचा आहे. आपला संबंध आता येतो.

१९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एका बाइटमध्ये बसत असे. आज सगळीकडे आहे ते यूटीएफ-८. ते १९९२ च्या सप्टेंबरात रॉब पाइक आणि त्याच केन थॉम्प्सन यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत टेबलावरच्या कागदावर मांडले. थॉम्प्सन यांनी आपल्याच जुन्या खुणेचा मान राखला. कोणत्याही लिपीच्या अक्षरात शून्याचा बाइट येणार नाही अशी त्यांनी व्यवस्था केली, म्हणून जुनी नक्कल-फंक्शने मराठीवरही चालतात. पण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे. ‘बुलढाणा’ म्हणजे सात चिन्हे, एकवीस बाइट. जुन्या युनिक्सच्या चौदा बाइटच्या चौकटीत त्याची चार चिन्हे पुरी बसली असती आणि पाचव्याचे दोन तृतीयांश. नक्कल करणाऱ्या फंक्शनला अक्षर दिसत नाही, बाइट दिसतो. तिने मध्येच तोडले की पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. तोडणे किती नाजूक असते ते मे २०१५ मध्ये आयफोनवाल्यांनी पाहिले. अरबी, चिनी आणि देवनागरी चिन्हे मिसळलेला एक संदेश सूचनेच्या पट्टीत मावेना, तो आखूड करताना फोनच बंद पडे. दुरुस्ती जूनअखेरीस आली.

लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक कामाच्या नावाला आजही सोळा बाइटची चौकट आहे. शेवटचे शून्य वजा जाता पंधरा उरतात, म्हणजे देवनागरीची नेमकी पाच चिन्हे. मी आपल्या जिल्ह्यातले तेराही तालुके त्या चौकटीत मांडून पाहिले. लोणार, मेहकर, चिखली आणि शेगाव ही चार नावे काठोकाठ बसतात. बुलढाण्याचे ‘बुलढा’ होते, खामगावचे ‘खामगा’, मलकापूरचे ‘मलकाप’, सिंदखेडराजाचे ‘सिंदख’, संग्रामपूरचे ‘संग्र’. मोताळा, नांदुरा आणि देऊळगाव राजा यांचीही हीच गत. ही मोडकी नावे पाहून निदान कळते तरी की काहीतरी तुटले आहे. तेरावा तालुका जळगाव जामोद. त्याची पहिली पाच चिन्हे म्हणजे ज, ळ, ग, काना आणि व. पंधरा बाइट पुरे, शेवटी शून्य जागेवर, अक्षर एकही मोडलेले नाही. चौकटीत उमटते ‘जळगाव’. नाव शुद्ध आहे, फक्त ते खानदेशातल्या दुसऱ्या जिल्ह्याचे आहे.

ड्रेपर निम्मे खरे होते, असे म्हणतो ते यासाठी. स्ट्रकॉपीने इथे शेजारचे घर फोडले असते, स्ट्रएनकॉपीने लेखनसीमा बुडवली असती. पुढच्या दोघींनी सुरक्षित नक्कल केली असती आणि ती चुकीची असती. फरक एवढा की स्ट्रएलकॉपीने परत दिलेला ३१ हा आकडा कोणीतरी सोळाशी ताडून पाहावा लागला असता आणि स्ट्रएसकॉपीने मावले नाही असे तोंडाने सांगितले असते. ते ऐकायचे की नाही हे मात्र बोलावणाऱ्याच्या हाती राहते. कामाचे नाव ठेवण्याच्या सोयीबद्दल लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की, नाव सोळा बाइटपेक्षा मोठे झाले तर ते काही न सांगता तोडले जाईल.